त्यांच्या डोळ्याची जागा

चैत्र संपत आला की सोलापुरात दुपारचे रस्ते ओस पडतात आणि मंगल कार्यालयं भरून जातात. बाहेर डांबर चपलेला चिकटत असतं, आत कूलरसमोरच्या खुर्च्यांसाठी पाहुण्यांची गोड भांडणं चाललेली असतात. मोगऱ्याचे गजरे, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, कढईतून नुकतीच निघालेली जिलेबी, स्टेजवरच्या दिव्यांखाली तापलेलं पडद्याचं कापड. या वासांवर आमचं घर चाललं. यंदाही पहिल्या तिथीला कोपऱ्यावरच्या बँडवाल्याने ताशा कडाडवला आणि मला भीती वाटली. लग्नाचा ताशा ऐकून भिणारी मी गावातली एकटीच बाई असेन, नवरीची आई सोडली तर.

आमचा फोटोंचा धंदा आहे. आमचा म्हणजे ह्यांचा आणि माझा. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बायकांच्या खोलीत पुरुष फोटोवाला चालत नाही. नवरीला हळद लागताना, चुडा भरताना, मावशी-आत्यांच्या डोळ्यांना पदर लागताना आत कोण जाणार? म्हणून ह्यांनी मला शिकवलं. वाटणी ठरली ती अशी की खोलीतलं सगळं माझं, स्टेजवरचं सगळं ह्यांचं. चांगला कॅमेरा मात्र एकच. दुसरा आहे, पण तो म्हातारा झालाय, उजेड जरा कमी पडला की रुसून बसतो. त्यामुळे एकेका लग्नात हा चांगला कॅमेरा या हातातून त्या हातात सारखा फिरायचा.

कॅमेऱ्याला डोळा लावायची जी खिडकी असते, व्ह्यूफाइंडर, तिच्या कडेला एक बारकं चाक असतं. वाटाण्याएवढं, नखानेच फिरवायचं. कित्येकांना ते असतं हेही ठाऊक नसतं. या चाकाने फोटोत काडीचा फरक पडत नाही, फरक पडतो तो बघणाऱ्याला. ज्याच्या चष्म्याचा जसा नंबर, तसं ते फिरवून घ्यायचं, मग चष्मा काढूनही आतलं चित्र स्वच्छ दिसतं. पहिल्या दिवशी ह्यांनी मला एका कार्यालयाच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं होतं. मी भिंतीकडे डोळे ताणून बघत होते. हे म्हणाले, "भिंतीकडं बघू नको. आत खाली आकडे दिसतेत की, ते बघ. ते ठळक दिसंपर्यंत चाक फिरीव." त्या आकड्यांची कड कोरल्यासारखी झाली तेव्हा मला इतकं नवल वाटलं होतं की मी भिंतीचाच फोटो काढला.

ह्यांना तरुणपणापासून लांबचं दिसत नाही. मला चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं झालं. म्हणजे चाकावर ह्यांच्या डोळ्याची जागा एका बाजूला आणि माझ्या डोळ्याची जागा दुसऱ्या बाजूला. मध्ये चार टिक. चाक फिरताना नखाला जो बारीक खटका जाणवतो त्याला आम्ही टिक म्हणतो. आणि आमच्यात एक रीत पडून गेली होती, ती कुणी पाडली ते आता आठवत नाही. कॅमेरा देणाऱ्याने चाक घेणाऱ्याच्या जागेवर आणून द्यायचं. मला देताना हे चार टिक इकडे फिरवायचे, ह्यांना देताना मी चार टिक तिकडे. न बघता, बोलता बोलता, समोर अक्षता पडत असतानासुद्धा. आमच्या ह्यांनी मला कधी गजरा आणला नाही. रोज शेकड्याने गजरे बघणाऱ्या माणसाला ते सुचत नसावं. पण चाक न फिरवता कॅमेरा कधी माझ्या हातात दिला नाही, आणि मला तेवढं पुरत होतं.

गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ते झालं तेव्हा आम्ही गावातल्याच एका पद्मशाली घरच्या लग्नात होतो. खोलीत तेलुगू बोलणं चाललेलं, दोन मावश्या नवरीच्या वेणीत फुलं गुंफत होत्या आणि एकमेकींवर रागावत होत्या. मी ह्यांच्याकडून कॅमेरा घेतला, चष्मा डोक्यावर सरकवला आणि डोळा लावला. नवरीचा चेहरा पाण्याखाली असावा तसा दिसला. काच पदराने पुसली, पुन्हा तेच. आतले आकडे फुगलेले, एकमेकांत मिसळलेले. मी चाक दोन टिक पुढे सरकवलं तेव्हा कुठे ते ठिकाणावर आले. फोटो काढले, नवरीला हसवलं, मावश्यांना हसवलं, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या डोळ्याच्या जागेवर कॅमेरा मला मिळाला होता आणि त्या जागेवर मला दिसत नव्हतं. याचा अर्थ मला एकच लागत होता.

माझ्या आईची नजर काचबिंदूने गेली. कुंभारीच्या माहेरच्या घरात तिला शेवटी शेवटी चहा ओतताना मी पाहिलं आहे. एक बोट कपाच्या आत धरायची आणि चहा बोटाला लागला की ओतायचं थांबायची. भाजत असणारच, पण ती चकार शब्द काढायची नाही. सुरुवातीला म्हणायची, कडेकडेचं गेलंय गं, मधलं दिसतंय अजून. मग मधलंही गेलं. डॉक्टरांनी तेव्हाच आम्हा बहिणींना बजावलं होतं की हे रक्तात उतरतं, डोळे तपासत राहा. मी काही वर्षं राहिलेही तपासत. मग कामं वाढली आणि ते मागे पडलं. त्या दिवशी कार्यालयाच्या भिंतीशी उभी असताना मला आईचं ते लाल झालेलं बोट दिसत होतं.

त्यानंतर मी घरात चोरून परीक्षा घ्यायला लागले. एक डोळा मिटून कॅलेंडरवरची तिथी वाचायची, मग दुसरा मिटून. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवरची नक्षी बघायची. शेंगाची चटणी कुटताना खलबत्त्यात बघायचं, दाणे वेगवेगळे दिसतात का. सगळं दिसायचं. पण भीतीने बघायला लागलं की दिसणारंही कमी वाटतं. आज ही नक्षी काल होती तेवढी गडद आहे का, हे कुणाला विचारणार? आणि गंमत म्हणजे ही धूसरता रोज नसायची. एखाद्या लग्नात कॅमेरा हातात आला की सगळं लख्ख. त्या दिवशी मी घरी येऊन शेंगाच्या पोळ्या करायची, हे खूश व्हायचे, त्यांना कारण ठाऊक नसायचं. पुढच्या लग्नात पुन्हा नवरी पाण्याखाली.

ह्यांना सांगितलं नाही. सराई ऐन भरात होती, आणि शिवाय ह्यांचं उत्तर मला ठाऊक होतं. आमचे हे अक्कलकोटकडच्या घरातले, अडचणीच्या वेळी तोंडात कानडी येतं. 'इरली' म्हणतात, म्हणजे असू दे. दूध उतू गेलं, इरली. नवऱ्या मुलाचे वडील चिडले, इरली. एवढ्याशा शब्दात ते सगळं झाकून टाकतात, आणि मला त्या दिवसांत काही झाकायचं नव्हतं, ओरडायचं होतं. आता मागे वळून बघताना कळतं की एकाच घरात, एकाच ताटलीतले दाणे खात, आम्ही दोघं वेगवेगळे घाबरत होतो.

दोन लग्नांच्या मधल्या एका दुपारी शिंप्याकडे जाते असं सांगून मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तरुण डॉक्टर बाई, बोलण्यात आपलेपणा. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी टेकवायला सांगून खूप वेळ आत बघत राहिल्या. त्यांचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता आणि मी माझा कोंडून धरला होता. तो प्रकाश इतका तीव्र होता की मला माझ्याच डोळ्यातल्या शिरा दिसल्या, कोरड्या झाडाच्या फांद्यांसारख्या. मग त्यांनी दिवा बंद केला आणि म्हणाल्या, काकू, डोळे चांगले आहेत, नंबर पूर्वीचाच आहे, नसही चांगली आहे. मी विचारलं, मग मला धूसर का दिसतं? कधी दिसतं, असं त्यांनी विचारलं. कॅमेऱ्यातून, मी म्हटलं. एरवी? एरवी नाही. त्या हसून म्हणाल्या, मग कॅमेराच कुणाला तरी दाखवा.

दवाखान्याबाहेर कडुलिंबाखाली एक कट्टा आहे. थेंबांमुळे ऊन सोसत नव्हतं, सगळं जग पांढरंफेक झालेलं. पदर डोळ्यांवर ओढून मी तिथे बसले आणि मला रडू फुटलं, सुखाने. माझी नजर माझीच होती. समोरच्या उसाच्या गाडीवरची घुंगरं वाजत होती आणि मला वाटलं, आता दोन ग्लास रस पिऊन घरी जावं. उठतच होते तेवढ्यात मनात आलं की कॅमेरा तर नुसता माझ्याकडे येत नाही, तो ह्यांच्या हातून येतो. हे त्यांच्या जागेपासून चार टिक मोजतात आणि मला देतात. त्यांचं मोजणं कधी चुकत नाही. पण त्यांची जागाच सरकली असेल, तर चार टिक बरोबर मोजूनही चाक माझ्या जागेवर येणार नाही.

मी परत खाली बसले. मघाशी उतरलेली भीती पायांपासून वर चढत होती आणि आता ती माझ्यासाठी नव्हती. मला एकेक आठवायला लागलं. हल्ली फोटो काढला की हे कॅमेरा माझ्यासमोर धरून म्हणायचे, नवरीचे डोळे मिटलेत का बघ गं. मला वाटायचं, माझ्या मताला किंमत आली. स्टेजच्या पायऱ्या चढताना त्यांचा डावा हात हवेत काहीतरी शोधायचा. एका लग्नात त्यांनी नवरीच्या काकांनाच वडील समजून मध्ये उभं केलं होतं आणि सगळे हसले होते, मीही हसले होते. पाणी तर ते उन्हाळ्यामुळे जास्त पितात असं मी धरून चालले होते, आणि रात्री उठण्याचं कारण ते पाणी. सगळं माझ्यासमोर घडत होतं. मी मात्र माझ्याच डोळ्यांकडे बघत बसले होते.

आता विचार करते तेव्हा वाटतं, आजकालच्या कॅमेऱ्यांनी एक मोठी सोय करून ठेवली आहे आणि ती सोयच घात करते. चेहरा कुठे आहे ते कॅमेरा आपण होऊन हुडकतो, आपण होऊन नेमका करतो. बघणाऱ्याला आतून धुकं दिसत असलं तरी फोटो स्वच्छ येतो. जुन्या रिळाच्या काळात ह्यांची नजर सरकली असती तर पहिल्याच लग्नात कळलं असतं, नवरीकडच्यांनी अल्बम तोंडावर फेकला असता. इथे अल्बम सुंदर येत होते. लोक फोन करून कौतुक करत होते. धुकं फक्त ह्यांच्या डोळ्याला ठाऊक होतं आणि त्या वाटाण्याएवढ्या चाकाला.

मोहोळच्या पुढे एका वस्तीवर धनगर घरचं लग्न होतं. शेतात मांडव, मांडवाच्या मागे मेंढरं कोंडलेली, त्यांच्या लोकरीचा वास आणि तुपाचा वास एकात एक. नवरीचा चुलता मोठा हौशी. "बाई, आमच्या मेंढरांचाबी एक फोटू काढा की," म्हणाला, "त्यांच्या जिवावर तर हे लगीन हाय." मी मेंढरांचे फोटो काढले, हसले, पण लक्ष सगळं ह्यांच्याकडे होतं. मंगलाष्टकांची वेळ झाली. मी चाक चार टिक फिरवून अगदी ह्यांच्या जुन्या जागेवर आणलं आणि कॅमेरा दिला. हे स्टेजकडे वळले. त्यांना वाटलं असावं की माझी पाठ आहे, पण माझी पाठ नव्हती. त्यांनी डोळा लावला, उतरवला, नखाने चाक सरकवलं. पुन्हा लावला. पुन्हा सरकवलं. मग चाकाशी झटापट केल्यासारखं बोट वाकलं आणि थांबलं. अक्षता पडायला लागल्या आणि हे फोटो काढत राहिले, एका जागी उभे राहून, जिथून आवाज येतोय तिकडे तोंड करून.

माळा घालून झाल्या तसा मी त्यांच्याजवळ गेले आणि आत नवरीची ओटी भरायची आहे म्हणत कॅमेरा जवळजवळ ओढूनच घेतला. त्यांना चाक माझ्या जागेवर आणायला वेळ मिळू दिला नाही. मांडवाच्या खांबामागे जाऊन मी डोळा लावला. ह्यांच्या डोळ्याच्या जागी माझा डोळा ठेवून मला काही कळणार नाही हे मला ठाऊक होतं, तिथून मला धूसरच दिसायचं. मी नखाने चाक त्याच दिशेने आणखी सरकवून बघितलं. ते सरकत नव्हतं. चाक संपलं होतं. म्हणजे चाकाला जितकं देता येतं तितकं सगळं घेऊन झालं होतं, आणि तरीही त्यांचं बोट आणखी मागत होतं.

त्यानंतर परतायचं होतं मोटारसायकलवर. मोहोळ ते सोलापूर, हायवेने. आम्ही नेहमीच तसे जायचो, कॅमेऱ्याची बॅग दोघांच्या मध्ये. मी काही बोलायच्या आत त्यांनी गाडी चालू केली, आणि मी बसले. का बसले ते मला अजूनही सांगता येत नाही. उन्हं कलत होती. उसाच्या ट्रॉल्या, साखरेचे ट्रक, मागून भोंगा वाजवत जाणाऱ्या एसट्या, आणि या सगळ्यात ज्या माणसाला धुकं दिसतं तो माणूस माझ्यापुढे बसून हँडल धरून होता. मी त्यांच्या खांद्यावरून रस्ता बघत होते, जणू माझ्या बघण्याने त्यांना दिसणार होतं. एक बैलगाडी आली तेव्हा त्यांनी ब्रेक फार उशिरा लावला. माझी बोटं त्यांच्या शर्टात रुतली. मी म्हटलं, मला चहा हवाय, आत्ताच्या आत्ता.

पुढे एक ओळखीचं हॉटेल लागतं. तिथे उतरलो. बाकड्यावर बसून मी समोरच्या पाटीकडे बोट केलं आणि म्हटलं, "काय लिहिलंय ते वाचा बघू."

हे हसले. "हॉटेल अन्नपूर्णा. इतकी वर्षं इथंच चहा पितोय की आपण."

पाटी नवी होती. लाल रंगात, हातभर अक्षरात 'हॉटेल मातोश्री' लिहिलेलं होतं. मी तसं सांगितलं. हे पाटीकडे बघत राहिले, डोळे बारीक करून, मग नुसतेच. चहा आला. त्यांनी कप उचलला नाही.

"मला वाटलं, चाक ढिलं झालंय," ते म्हणाले. "दुरुस्तीवाल्याकडं दिला होता कॅमेरा. तो म्हणाला, कॅमेऱ्याला काय धाड भरलीय, ठणठणीत हाय."

"मग?"

"मग काय. मग भीती वाटायला लागली."

ते इरली म्हणतील म्हणून मी थांबले होते. ते म्हणाले नाहीत. त्या क्षणी मला जितकं भ्यायला झालं तितकं हायवेवरही झालं नव्हतं. मी सांगितलं की त्यांच्या धूसरपणासाठी मी माझे डोळे तपासून आले. त्यांच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. एकाने डोळ्यासाठी कॅमेरा दाखवला, दुसरीने दुसऱ्याच्या डोळ्यासाठी स्वतःचे दाखवले. अशी येडी माणसं आम्हीच. गाडी हॉटेलवाल्याच्या ओट्याला लावून आम्ही प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलो. हे बॅग पोटाशी धरून होते आणि माझ्या बाजूची खिडकी उघडी होती, तिच्यातून ते बाहेर बघत होते. त्यांना काय दिसत होतं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

ह्यांना साखर होती. कुणालाच ठाऊक नसलेली, बहुधा काही वर्षांपासूनची. डॉक्टर बाईंनी सांगितलं की रक्तातली साखर वरखाली होते तसा डोळ्याचा नंबरही सरकतो, म्हणून कधी दिसतं, कधी नाही. पण त्यांना खरी काळजी आतल्या पडद्याची होती. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती, बारीक रक्तस्राव होता. उजवा म्हणजे कॅमेऱ्याला लावायचा डोळा. डावा त्या मानाने बरा होता. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, त्यांनी सांगितलं. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, आहे ते राखायचं. खोलीत बारीक आवाज करत पंखा फिरत होता. हे विचारत होते, इंजेक्शन डोळ्याजवळ की डोळ्यात. डोळ्यात, बाईंनी शांतपणे सांगितलं. मी ह्यांच्या मांडीवर हात ठेवला तर त्यांची मांडी थरथरत होती, मोटारसायकल चालू असते तशी.

ती सराई मग मी संपवली. स्टेजवर उभी राहून बाई फोटो काढते म्हणून एकदोन ठिकाणी कुजबुज झाली, भटजींनी एकदा मला बाजूला व्हायला सांगितलं, पण लोकांना फोटोशी मतलब. हे खाली, पहिल्या रांगेच्या कडेला, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बसायचे. मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं आलं की मला सावध करायचे, आता हार घालताना नवरा मान वाकवेल, तू खालून घे. त्यांना नुसत्या आवाजावरून सगळं समजत होतं, आणि मला त्याचीच भीती वाटायची. आईलाही असंच सगळं आवाजावरून समजायला लागलं होतं. कोण आलं, कुणाच्या पायात काय आहे, दुधाला उकळी येते आहे. लोक तिचं कौतुक करायचे. मी लहान नव्हते, मला कळत होतं की कौतुकाचा तो विषय नव्हे.

आता पुन्हा सराई आली आहे. उजव्या डोळ्याला मोठं मोठं दिसतं, बारीक नाही. हे डाव्या डोळ्याने फोटो काढायला शिकलेत. नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर दाबलं जातं, तिथे घामाचा ठिपका उमटतो, तो मी पुसते. सगळं लग्न त्यांना झेपत नाही, पण मंगलाष्टकं ते मागून घेतात. मोटारसायकल भाच्याला देऊन टाकली. गोळ्या वेळेवर घेतात, भाकरी मोजून खातात, जिलेबीच्या ताटाशी उभे राहून फोटो काढतात आणि तोंडात टाकत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, झालं गेलं निवळलं.

पण डॉक्टर बाईंनी एक कार्ड दिलं आहे. पांढऱ्यावर काळ्या रेघांचे चौकोन, मधोमध एक ठिपका. रोज सकाळी चष्मा लावून, एकेक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघायचं. सगळ्या रेघा सरळ दिसल्या तर ठीक. कुठे वाकल्या, तुटल्या, तर तसंच निघून यायचं, उद्यावर ढकलायचं नाही. ते कार्ड स्वयंपाकघरात फडताळाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. रोज सकाळी दाराचा कुरकुर आवाज येतो आणि माझा हात जिथे असेल तिथे थबकतो. मग ते म्हणतात, "उजवं हाय तसंच हाय, डावं सरळ." मी हं म्हणते आणि त्यांच्या तोंडाकडे बघते. खरंच सरळ आहे का? चाकापर्यंत तरी माझं नख पोचत होतं, या कार्डावर मला काहीच तपासता येत नाही. माझ्या डोळ्याला त्या रेघा सरळच दिसणार. हे सांगतील ते खरं. आणि हे न सांगण्यात किती तरबेज आहेत ते मी एक अख्खा उन्हाळा पाहिलं आहे.

असे महिने गेले. रोज सकाळी सरळ, आणि रोज सकाळी माझा विश्वास नाही. डावा डोळा गेला तर काय, हा प्रश्न मी दिवसभर कामात दाबून टाकते. मग धंदा कसा चालेल हे नंतरचं. मला आधी हे सुचतं की ते कपात बोट धरतील का.

परवा मोडनिंबला लग्न होतं. बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या, मी वाटेत खायला धपाटे थापत होते. फडताळाचं दार वाजलं. हे उजव्या डोळ्यावर हात ठेवून उभे राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी थापणं थांबवलं नाही, थांबवलं असतं तर मी ऐकते आहे हे त्यांना कळलं असतं. त्यांनी हात काढला, चष्मा शर्टाला पुसला, परत लावला, परत डोळा झाकला.

"अगं," ते म्हणाले, "खालची एक रेघ वाकलीय. डाव्यानं."

मी तवा उतरवला. गॅस बंद केला. मग मोडनिंबला फोन केला, ओळखीच्या एका फोटोवाल्याला तिकडे पाठवलं, दवाखान्यात फोन केला. लगेच या म्हणाले. हे बाहेरचा शर्ट घालत होते, त्यांना बटणं लागत नव्हती. मी पिठाच्या हातांनीच ती लावली.

जिन्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी विचारलं, "सरळ हाय म्हणाला असता तर मला कळलं नसतं. मग का सांगितलंत?"

एक पायरी उतरून ते थांबले.

"सरळ म्हटलं तरी तू रोज माझ्या तोंडाकडं बघत उभी ऱ्हातीस की. एकटीच भीत असतीस." मग खालची पायरी पायाने चाचपत म्हणाले, "म्हटलं, आज दोघं मिळून भिऊ."